नुसती ओ

उमाबाईंनी ट्रॉलीवरून आधी डावा पाय खाली सोडला, मग उजवा. फरशी गारठलेली होती. अंगात मागून नाड्या बांधलेला हिरवा झगा आणि डोक्यावर कागदी टोपी. टोपी त्यांनी काढली, उशीवर नीट ठेवली आणि ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे पाठ करून चालायला लागल्या.

समोरून शिवकन्या सिस्टर फाईल घेऊन येत होती. ती जागच्या जागी थांबली.

"मावशी, कुठं निघालात?"

"घरी."

"अहो, आता तुमचाच नंबर आहे."

"दुसऱ्या कुणाला द्या त्यो."

सिस्टरनं दंड धरून पाहिला. पण छप्पन वर्षांच्या उमाबाईंचा हात रोज पहाटे दारं ठोठावून टणक झालेला. तो तिच्या मुठीतून सहज सुटला. जिन्यापर्यंत बाई ताठ गेल्या. तिथं मात्र आदल्या संध्याकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही हे पायांना आठवलं, आणि त्या तिसऱ्या पायरीवर मटकन बसल्या.

लातुरातला हा दवाखाना तसा लहानच. खाली औषधांचं दुकान, मधे वॉर्ड, वर थिएटर. जिन्यातून जाणारे-येणारे झग्यातल्या बाईकडे बघत होते आणि बाई कुणाकडंच बघत नव्हत्या. सकाळी सोबत बबिता आली होती. पण हॉस्टेलच्या मेसमधल्या दुपारच्या पोळ्या तिच्याच हातच्या, त्यामुळं नऊच्या ठोक्याला तिला परत जावं लागलं. जाताना तिनं संमतीच्या कागदावर सही केली. सहीशेजारी 'रुग्णाशी नाते' असा रकाना होता. बबिता पेनाचं टोक दाताखाली धरून बराच वेळ विचार करत राहिली आणि मग तिनं लिहिलं, 'एकाच ठिकाणी कामाला'. सिस्टरनं ते वाचलं, उमाबाईंकडे एकदा पाहिलं आणि कागद फाईलला लावून टाकला.

त्यात खोटं काहीच नव्हतं. लिहावं असं दुसरं माणूस उमाबाईंना उरलं नव्हतं.

थोड्या वेळानं वरून पावलं वाजली. काल ज्यांनी 'आ करा' म्हणून त्यांच्या तोंडात बॅटरी मारली होती आणि हलणारे दात तपासले होते, त्या भूल देणाऱ्या डॉक्टर कहकशां खाली येत होत्या. त्यांच्या हातात उमाबाईंच्या चपला होत्या.

"पायात घाला आधी. फरशी गार आहे," असं म्हणून त्यांनी चपला पायरीवर ठेवल्या आणि स्वतः शेजारी बसल्या.

आता बोलणी बसणार, या तयारीनं उमाबाईंनी मान खाली घातली. बोलणी काही बसली नाहीत.

"भीती कसली वाटते? पोट कापायची?"

"न्हाई. पोट काय, कापा की."

"मग?"

"झोपवायची."

खाली दुकानात कुणीतरी सुटे पैसे नाहीत म्हणून हुज्जत घालत होतं.

"कंबरेत सुई देऊन करा की, मॅडम," उमाबाई म्हणाल्या. "आमच्या बबिताचं बाळंतपण तसंच केलंतं. जागी होती ती. बोलत होती डाक्टरासंगं."

"ते ओटीपोटाचं झालं. तुमचे खडे वर आहेत, पित्ताशयात. दुर्बिणीनं काढायचे तर पोटात हवा भरावी लागते. पूर्ण भूल द्यावीच लागते त्याला."

"मग ऱ्हाऊ द्या."

"बरं. आज राहू द्या. पण पुन्हा दुखलं तर थांबायचं नाही. कधीही या. मी असते इथं."

उमाबाईंनी चपला पायात घातल्या. लुगडं नेसून, रिक्षात बसून त्या परत हॉस्टेलवर आल्या तेव्हा बबिता शेवटची पोळी तव्यावर टाकत होती. तिनं वळून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"आलाव का पळून!"

"आलेव," उमाबाई म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

चन्नबसप्पा सरांचं मुलींचं हॉस्टेल ट्यूशन एरियात मोक्याच्या जागी होतं. चार मजले, एकवीस खोल्या, खोलीत दोघी. नांदेड, किनवट, धर्माबाद, चाकूर, कुठून कुठून आलेल्या बेचाळीस मुली, आणि बेचाळिसांना डॉक्टरच व्हायचं होतं. या गावात पोरं झोपायला येत नाहीत हे घरून निघतानाच त्यांना बजावलेलं असायचं. साडेसहाला पहिला तास. त्यासाठी पाचला सगळ्यांना उठवायचं काम उमाबाईंचं. बारा वर्षं झाली, त्यांचा एक दिवस चुकला नव्हता आणि त्यांच्या हातून एक मुलगी झोपलेली राहिली नव्हती.

उठवायची त्यांची एक रीत होती. दार ठोठावायचं, नाव घ्यायचं, आणि आतून "ओ काकू" आलं तरी हलायचं नाही. नुसती ओ चालायची नाही. दार उघडून, उंबऱ्याबाहेर पाय टाकून मुलीनं तोंड दाखवायचं आणि आज पहिला तास कशाचा ते सांगायचं. मग उमाबाई पुढच्या दाराला. मुली वैतागायच्या, मागं 'काकूची हजेरी' म्हणून नकला करायच्या. एकदा एका मुलीच्या वडिलांनी सरांकडे तक्रारही केली, की गजराची घड्याळं असताना हा जाच कशाला. सरांनी ती उमाबाईंच्या कानावर घातली. उमाबाईंनी ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पाचला त्या त्याच मुलीच्या दाराशी दोन मिनिटं जास्त उभ्या राहिल्या.

त्या स्वतः त्या चार मजल्यांत झोपत नसत. फाटकाशेजारी पत्र्याची खोली होती, सामान ठेवायची. तिथं त्यांची बाज. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली अंगाची लाही व्हायची. सरांनी दहादा सांगितलं, खालची खोली घ्या म्हणून. पण डोक्यावर स्लॅब असला की उमाबाईंचा डोळा लागत नसे. पत्र्याखालीही फार लागायचा असं नाही. कूस बदलली तरी जाग, मांजर गेलं तरी जाग. गेल्या चोवीस वर्षांत गाढ झोप म्हणतात ती त्यांनी जवळ येऊ दिली नव्हती.

आणि आता कुणी म्हणत होतं, दोन तास आम्ही तुम्हाला झोपवतो, हाक मारली तरी उठायचं नाही अशी.

तरीही त्या पहिल्या वेळी ट्रॉलीपर्यंत गेल्याच होत्या आणि पुढंही गेल्या असत्या. घात केला तो नाझनीनच्या अभ्यासानं. नाझनीन धर्माबादची, परीक्षेचं दुसरं वर्ष, जीवशास्त्र तोंडपाठ. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती चहाचा कप घेऊन काकूंशेजारी बसली आणि मोठ्या मायेनं त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"काही नसतं हो काकू. आधी झोपेचं औषध देतात. मग अंग सैल पडायचं. त्यानं बोटसुद्धा हलत नाही, श्वासही मशीन देतं. लाखात एखाद्याला म्हणे झोपेचं औषध कमी पडतं. त्याला आतून सगळं ऐकू येतं, पण हलता येत नाही, सांगता येत नाही. पण ते लाखात एक हं, काकू."

नाझनीनचा हेतू लाखाकडं बोट दाखवायचा होता. उमाबाईंनी कप खाली ठेवला. लाखातली अशी एक त्यांना चोवीस वर्षांपासून माहीत होती.

त्र्याण्णव साली गणपती बुडवून गाव उशिरा झोपलं होतं. त्यांचं गाव किल्लारीपासून दीड कोसावर. पहाटे, अजून अंधार असताना, उमाबाई परसाकडं जायला उठल्या. त्या वेळी बायका एकट्या जात नसत, आणि उमाबाईंच्या सोबतीला असायची ती त्यांची अकरा वर्षांची लेक, महानंदा. नवरा आणि सासू आत गाढ झोपलेले. उमाबाईंनी दारातूनच हळू हाक मारली होती.

"नंदा, चल गं."

"ओ."

"उठलीस का?"

"आले. तू हो पुढं."

उमाबाई पुढं झाल्या. गल्ली ओलांडून गावाच्या कडेला पोचल्या आणि पायाखालची जमीन गुरगुरली. त्या पडल्या. उठून वळल्या तेव्हा मागं गाव नव्हतं, नुसती धूळ उभी होती.

दीड दिवस त्या दगडांच्या ढिगावर बसून हाका मारत होत्या. दोन-दोन हात रुंदीच्या भिंती, वर मातीचं धाबं. मिलिटरीची माणसं आली, त्यांनी नवऱ्याला काढलं, सासूला काढलं. नंदाला काढलं तेव्हा उमाबाईंना भोवळ आली म्हणून तंबूत नेऊन निजवलेलं होतं. पुढं त्यांनी ज्याला-त्याला विचारलं, ती कुठं सापडली. कुणी म्हणालं उंबऱ्यापाशी. कुणी म्हणालं अंथरुणातच, वाकळेसकट. खरं सांगणारं कुणी नव्हतं. त्या दिवशी कोण कुठं सापडलं हे लक्षात ठेवण्याइतकी कुणाचीच शुद्ध नव्हती.

उमाबाईंनी मग आपलं आपण ठरवलं. आले म्हणाली, म्हणजे जागी होती. तू हो पुढं म्हणाली, म्हणजे सगळं कळत होतं. म्हणजे दीड दिवस आपण वर बसून हाका मारत होतो तेव्हा ती खाली ऐकत होती, आणि तिला बोट हलवता येत नव्हतं. त्या नुसत्या ओवर विश्वास टाकून आपण निघून आलो. आत जाऊन, तिचा हात धरून तिला उंबऱ्याबाहेर काढली असती तर आज ती पस्तिशीची असती. हा हिशोब उमाबाईंनी कुणाला सांगितला नव्हता. बबितालाही नाही.

पळून आल्यावर अकराव्या दिवशी दुखणं पुन्हा उठलं. रविवार होता, मुली टेस्टला गेलेल्या. उमाबाई पत्र्याच्या खोलीत बाजेचा खूर धरून वाकल्या त्या वाकल्याच. बबितानं त्यांना रिक्षात घातलं. या वेळी डॉक्टरांनी विचारलंच नाही; सलाईन लावलं आणि सांगितलं, उद्या सकाळी.

संध्याकाळी कहकशां मॅडम खाटेपाशी आल्या. पुन्हा आ करायला लावलं, पुन्हा दात पाहिले. मग स्टूल ओढून बसल्या.

"उद्या पळायचं नाही ना?"

"पळायला पाय कुठं राहिलेत," उमाबाई म्हणाल्या. "मॅडम, तुमी लातूरच्याच का?"

"उदगीरची. भूकंप झाला तेव्हा पाचवीत होते. महिनाभर आम्ही सगळे अंगणात झोपत होतो."

"माझी बी पाचवीतच होती."

डॉक्टरांनी नुसता हात त्यांच्या सलाईन लावलेल्या हातावर ठेवला, आणि उमाबाईंनी तो बाजूला केला नाही.

"हाक मारली तवा ओ दिली तिनं," उमाबाई म्हणाल्या. "म्या म्हणलं जागी झाली. आन् निघाले."

खिडकीखालून क्लास सुटलेल्या मुलांच्या सायकली जात होत्या. त्यांच्या घंट्या बराच वेळ वाजत राहिल्या.

"मला उठवताल तवा एक करा," उमाबाई एकदम म्हणाल्या. "नुसती ओ दिली तर खरं धरू नका."

"नाही धरणार. मग काय विचारलं की तुम्हाला पटेल?"

"हॉस्टेलात पोरी किती ते इचारा. बेचाळीस म्हणाले तर खरं."

"डोळे उघडून?"

"डोळे उघडून. तुमच्याकडं बगून."

"ठरलं. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, मी स्वतः उठवीन."

उमाबाईंनी मान हलवली. पण अजून एक राहिलं होतं आणि ते तोंडातून निघेना. त्यांनी पांघरुणाची कड बोटांत गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"आन् मदीच मला ऐकू याया लागलं तर? हलता आलं न्हाई तर?"

असं होतच नाही, असं म्हणणं सोपं होतं. डॉक्टर तसं म्हणाल्या नाहीत.

"मी तुमच्या डोक्याशी बसलेली असते. ऑपरेशन संपेपर्यंत उठत नाही. तुमची नाडी, तुमचा श्वास, सगळं समोर दिसत असतं. तुम्ही आतून घाबरलात तर ते मला कळतं आणि मी लगेच औषध वाढवते."

"म्हंजे तुमी जाग्या ऱ्हाता?"

"कामच ते आहे माझं."

"माझं बी तेच हाय," उमाबाई म्हणाल्या, आणि त्यांना जरा हसू आलं. आपल्यासाठी दुसरं कुणी जागं राहणार आहे ही गोष्ट त्यांनी बराच वेळ मनात धरून ठेवली. तशी सवय नव्हती, त्यामुळं ती कुठं ठेवावी हेही त्यांना कळत नव्हतं.

सकाळी बबिता आली ती सही करूनच गेली. या वेळी रकान्यात तिनं पेन थांबवलं नाही; मागच्याच तीन शब्दांची तिला आता सवय झाली होती. "दुपारची भांडी झाली की येतेव," ती म्हणाली. उमाबाईंनी बजावलं, पोरींच्या मेसला उशीर करू नको. मग वरचा मजला, कागदी टोपी, तीच ट्रॉली. या वेळी शिवकन्या सिस्टर ट्रॉलीला चिकटूनच उभी होती.

थिएटरमध्ये मोठा गोल दिवा होता. छातीला थंड चिकटपट्ट्या लावल्या, बोटाला चिमटा लावला, आणि कुठंतरी टिक-टिक सुरू झाली. ती आपलीच आहे हे उमाबाईंना जरा उशिरा कळलं. डोक्याशी कहकशां मॅडम होत्या. मास्कमुळं नुसते डोळे दिसत होते.

"उमाबाई, मी इथंच आहे."

"बेचाळीस," उमाबाईंनी आठवण करून दिली.

"बेचाळीस. लक्षात आहे."

तोंडावर रबराचा वास आला. उमाबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं, शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवायचे आणि झोप नेमकी कुठून येते ते बघायचं. त्यांनी दिव्याकडे टक लावली. दिव्यात सात लहान दिवे होते. त्यांनी ते मोजायला घेतले, एक, दोन,

पांघरुणावर उन्हाचा पट्टा पडला होता.

त्यात खिडकीच्या गजांच्या सावल्या होत्या. उमाबाई त्या सावल्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं, की हा वॉर्ड आहे. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते. घसा कोरडा पडून खवखवत होता. हात खाली नेला तर पोटावर तीन-चार ठिकाणी पट्ट्या. झालं होतं. दुसरा दिवा आणि हे ऊन यांच्या मधे काहीच नव्हतं, अंधारसुद्धा नव्हता.

आणि मग त्यांना राग आला. चांगला सणकून आला. शब्द दिला होता बाईनं, मी स्वतः उठवीन म्हणून. हे असं परस्पर आणून खाटेवर टाकलं, सामान टाकावं तसं. मोठ्या माणसांचं हे असंच. आपण बोलून बसलो, एवढ्या वर्षांत कुणाला बोललो नव्हतो ते बोललो, आणि त्या ऐकून विसरून गेल्या.

शिवकन्या सिस्टर सलाईन बदलायला आली.

"झोप झाली का, मावशी?"

"मॅडम कुठं हायत?"

"पुढच्या ऑपरेशनला आहेत. का हो?"

"उठवनार होत्या मला. उठवलं न्हाई त्यांनी." घशातून आवाज फुटत नव्हता, तरी राग बरोबर पोचला.

सिस्टर बाटली हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू आवरेना.

"अहो, काय बोलताय! पाऊण तास तुमच्याशी बोलत बसल्या होत्या. पुढचा पेशंट बाहेर खोळंबला, सर्जन सर ओरडायला लागले, तरी उठायला तयार नाहीत. म्हणे, माझा शब्द आहे."

"माझ्याशी बोलल्या?"

"मग! उमाबाई म्हणून हाक मारली, तुम्ही ओ दिलीत. त्या म्हणाल्या, नुसती ओ नको. डोळे उघडा. उघडले तुम्ही. टक्क बघितलंत त्यांच्याकडं. मुली किती म्हणून विचारलं. बेचाळीस म्हणालात, एकदम खणखणीत. मी होते ना तिथं."

उमाबाईंनी कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. दिवे आठवले, एक, दोन. पुढं पांघरुणावरचं ऊन.

"मला न्हाई ठाऊक," त्या म्हणाल्या.

"नाहीच राहत लक्षात. कुणाच्याच राहत नाही. माणूस बोलतं, उत्तरं देतं, कुणी कुणी शिव्यासुद्धा देतं. नंतर विचारा, काही ठाऊक नसतं. औषध असतं अंगात. जागं दिसतं, पण झोपेतच असतं ते." सिस्टरनं बाटली अडकवली, थेंबांची गती बघितली. मग काहीतरी आठवून पुन्हा हसली. "आणि मॅडमना तर तुम्ही चक्क अगं-तुगं केलंत."

"म्या?"

"त्या म्हणाल्या, चला उमाबाई, आता वॉर्डात जायचं. तर तुम्ही म्हणता, 'आले. तू हो पुढं.' असं म्हणालात आणि लागलीच घोरायला लागलात. मॅडम हसतील असं वाटलं होतं मला. हसल्या नाहीत."

वॉर्डात कुणाचं तरी लहान मूल खुळखुळा वाजवत होतं. उमाबाई सिस्टरच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांचा हात पांघरुणाच्या कडेशी गेला आणि तिथंच राहिला.

"काय म्हणले म्या?"

"आले. तू हो पुढं."

"आन् मग?"

"मग काय? झोपलात की."

"तवा तोंड कसं होतं माझं? भेल्यावानी होतं का?"

"छे! भ्यायचं काय त्यात. चांगलं शांत होतं. लहान लेकराला झोप लागते ना, तसं."

उमाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. भिंतीला फिका हिरवा रंग होता आणि एका ठिकाणी त्याचा पोपडा सुटला होता. त्या पोपड्याकडे बघता बघता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज नव्हता, हुंदका नव्हता, नुसतं पाणी. नाकाच्या कडेवरून उशीवर जात राहिलं. टाके ओढतील म्हणून त्यांनी श्वास बेतानं घेतला. चोवीस वर्षं त्या एका पोरीला दगडांखाली जागी ठेवून बसल्या होत्या.

सिस्टर वाकली.

"मावशी, दुखतंय का? इंजेक्शन देऊ?"

"न्हाई," उमाबाई म्हणाल्या. "काईच दुखलं न्हाई."

सिस्टरनं तेवढं कागदावर लिहिलं आणि ती पुढच्या खाटेकडे गेली.

चारच्या सुमाराला बबिता आली. खालून तिच्या चपलांचा आवाज आला तेव्हाच उमाबाईंनी ओळखलं. एरवी त्या एवढ्यात उठून बसल्या असत्या. बबितानं डबा टेबलावर ठेवला, स्टूल ओढलं, पदरानं वारा घेतला आणि बोलायला सुरुवात केली. सकाळी पोरी आपापल्या उठल्या, काकू. मोबाईलचे गजर लावून. एक बी ऱ्हायली न्हाई, समद्या वेळेवर गेल्या. नाझनीन म्हणलाली संध्याकाळी बगाया येतेव म्हणून, पण उद्या तिचा पेपर हाय, म्या म्हणलं नको येऊ. सरांनी बी इचारलंय.

बबिताचा आवाज कधी जवळून येत होता, कधी लांबून. गजरानं उठल्या, हे उमाबाईंना कळलं. त्याचं थोडं वाईट वाटलं, मग तेही मागं राहिलं. डोक्यावर स्लॅब होता आणि त्यावर आणखी एक मजला होता, हेही त्यांना माहीत होतं. पापण्या जड होऊन मिटत होत्या, आणि त्यांनी त्या मिटू दिल्या.

बबिता बोलायची थांबली. तिनं पुढं वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"काकू? जाग्या हाव का?"

"ओ," उमाबाई म्हणाल्या, आणि डोळे उघडले नाहीत.